पारणे : वाशिम जिल्ह्यातील एक जुनी वहिवाट

उपवासाचे माहात्म्य सांगणारे वाङ्मय आपल्याकडे विपुल आहे. कोणत्या तिथीस कोणते व्रत धरावे, ते धरल्याने कोणत्या राजाचे गेलेले राज्य परत आले आणि ते टाकल्याने कोणत्या वाण्याचे तारू बुडाले, याच्या कथा चातुर्मासात घरोघर वाचल्या जातात. परंतु उपवास संपल्यावर पहिला घास कशाचा घ्यावा, दुसरा किती वेळाने घ्यावा आणि भरल्या ताटावर कितव्या दिवशी बसावे, याविषयी बहुतेक पोथ्या दोन ओळींत आटोपतात आणि ते सारे शास्त्र स्वयंपाकघरातील वडीलधाऱ्या बायकांच्या स्मरणावर सोपवून मोकळ्या होतात. माझ्या मते या प्रथेतला खरा विवेक त्या दोन ओळींपलीकडेच आहे, आणि त्याचा इतिहास पाहू जाणाऱ्याने वाशिम जिल्ह्याकडे वळल्यास त्याची निराशा होणार नाही.

हा जिल्हा दप्तरी नवा आणि वस्तीने फार जुना. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे हे वाशिमच, आणि ज्या वत्स ऋषीचे नाव ती मिरवते त्याच्या उग्र तपश्चर्येची कथा स्थानमाहात्म्यात आहेच, ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत याची गणना झालेली आहे, १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर वाशिमास काही काळ जिल्ह्याचा मान मिळाला, १९०५ साली तो काढून घेण्यात आला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून तोडून पुन्हा देण्यात आला. या लहानशा मुलखात कारंजे हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे, आणि त्याच कारंज्यात बलात्कार गण, सेन गण व काष्ठा संघ अशा तीन दिगंबर परंपरांची जुनी मंदिरे आहेत; मालेगाव तालुक्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहे; मंगरूळपीर आपल्या दर्ग्याच्या नावाने ओळखले जाते; पोहरादेवी बंजारा समाजाची काशी आहे. एवढ्या निरनिराळ्या मार्गांच्या माणसांनी शेजारी शेजारी राहून उपवास धरले आणि सोडले असे प्रदेश महाराष्ट्रात पुष्कळ नाहीत.

भाद्रपदाचा शुद्ध पक्ष उजाडला म्हणजे हे विशेष ध्यानात येते. तृतीयेस हरितालिका, त्या दिवशी कित्येक घरच्या बायका पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि चतुर्थीस गणपतीच्या नैवेद्यापूर्वी कसेबसे तोंड हलवतात. चतुर्थीसच श्वेतांबर जैनांची संवत्सरी येते, म्हणजे आठ दिवसांच्या पर्युषणाचा शेवट. ज्यांनी अठाई केली, म्हणजे आठही दिवस केवळ उकळून निववलेल्या पाण्यावर आणि तेही दिवसाउजेडीच घेऊन काढले, त्यांचे पारणे पंचमीच्या सकाळी. त्याच पंचमीस दिगंबरांचे दशलक्षण पर्व सुरू होते आणि अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. आणि त्याच दिवशी ब्राह्मणादी घरांतील प्रौढ स्त्रिया ऋषिपंचमी म्हणून बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य करून परसातल्या भाजीवर राहतात. शिरपुरास तर एकाच तीर्थाच्या आसपास एका पंथाचे पारणे आणि दुसऱ्याची धारणा एकाच सकाळी पडते. ज्या दोन पंथांनी तेथील पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या पूजेच्या हक्कासाठी एकमेकांवर दिवाणी दावे लावले, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९२९ साली निकाल आणला, तरीही भांडण न मिटल्याने १९८१ पासून पुढे चार दशके मंदिराला कुलूप पाहिले आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडलेले पाहिले, त्यांच्या पंचांगांची ही सांधेजोड पाहून इतिहासाच्या अभ्यासकास थोडे हसू आल्यावाचून राहत नाही.

दिगंबर श्रावकाचार पाहिला तर उपवासाची व्याख्याच मुळी पारण्यासह केलेली आढळते. प्रोषधोपवास म्हणजे अष्टमी वा चतुर्दशीस निराहार राहणे एवढेच नव्हे. आदल्या दिवशी दुपारी एकदाच जेवून धारणा करावयाची, मधला दिवस संपूर्ण सोडावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीही एकदाच जेवून पारणा करावयाची, असा सोळा प्रहरांचा तो संकल्प असतो. शरीराला उपवासात उतरण्यास एक पायरी आणि त्यातून वर येण्यास एक पायरी, अशी तजवीज नियमातच आहे. सोळाकारण व्रत आपल्या अमान्त पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य प्रतिपदेपासून महिनाभर चालते, आणि ते करणारे अनेक जण एक दिवस उपवास व एक दिवस एकभुक्त अशा क्रमाने जातात. पार्श्वनाथाचे रविव्रत वर्षाला नऊ रविवार असे नऊ वर्षे करावयाचे असते. दशलक्षण दहा वर्षांनी, सोळाकारण सोळा वर्षांनी पुरे होते. सलग महिनाभर अन्न वर्ज्य करण्याचा मासक्षमणासारखा प्रकार श्वेतांबरांत अधिक रूढ आहे, आणि वर्षीतपाची रीतही. त्यात तेरा महिने एक दिवसाआड उपवास करून वैशाखात अक्षय्य तृतीयेस, म्हणजे वऱ्हाडच्या आखाजीस, उसाच्या रसाने पारणे करतात, कारण प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी आपल्या दीर्घ तपानंतर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाच्या हातून इक्षुरसच घेतला अशी परंपरा आहे. महावीरांच्या सुमारे सहा महिन्यांच्या उपवासाचे पारणे तर श्वेतांबर कथेप्रमाणे राजवाड्यात झालेच नाही. ते चंदनबालेच्या हातच्या उडदाच्या बाकळ्यांवर झाले, आणि त्या वेळी ती साखळदंडात होती. तीर्थंकरांच्या तपाचे दिवस सामान्य श्रावकाच्या ध्यानी राहोत वा न राहोत, पारण्याचा पदार्थ मात्र त्याच्या पक्का ध्यानात असतो.

आता पारण्याची सकाळ जरा जवळून पाहू. सूर्योदय होऊन दोन घटका, म्हणजे आजच्या घड्याळाने अठ्ठेचाळीस मिनिटे, उलटल्याशिवाय पाणीही तोंडात घ्यावयाचे नाही. तोवर मंदिर, वंदन, पूजा उरकलेली असते. चुलीवर मूठभर मूग भरपूर पाण्यात फुटेपर्यंत शिजवून फडक्यातून गाळलेले असतात, आणि वाटीत येते ते केवळ वरचे पिवळसर कोमट पाणी, त्यात किंचित सैंधव आणि चिमूटभर सुंठ. आले चालत नाही, कारण तो कंद, अनंतकाय. कांदा-लसूण-बटाट्याची तर गोष्टच नको. आणि पर्वाच्या दिवसांत हिरवी भाजीही अनेक घरी वर्ज्य असते. धर्माने एकेक पदार्थ वगळत आणल्यावर जे उरते ते मुगाचे कढण, आणि वैद्यास विचारले असते तर त्यानेही प्रथम तेच सांगितले असते, हा योगायोग मला नेहमीच विचार करण्याजोगा वाटत आला आहे. वाटी चांदीची असो वा पितळेची, चमचा लहान असतो. घरची मोठी माणसे, मग भाऊ-भावजया, मग शेजारीपाजारी एकेक चमचा पाजतात, तब्येतीची साता विचारतात, आणि प्रत्येकाच्या मध्ये थोडा अवकाश जातो. गर्दीमुळे होणारा हा उशीर उपवास करणाऱ्याच्या पोटास पथ्यकर असतो. दुपारी पातळ मुगाची डाळ, संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी तांदळाची पेज, दुसऱ्या दिवशी मऊ भात, आणि पोळी, तळण व पक्वान्न नंतर. जिच्या हाताखाली चार अठाया पार पडलेल्या असतात अशी आजी हा क्रम कोणास मोडू देत नाही. त्या घरी आणलेले लाडू-पेढे पाहुण्यांसाठी असतात, ज्याच्या नावाने ते आणले त्याच्यासाठी नसतात.

हाच क्रम आयुर्वेदात संसर्जनक्रम या नावाने आहे. वमन-विरेचनादी शोधनाने कोठा रिकामा झालेल्या रोग्यास पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष आणि शेवटी रस असे चढत्या क्रमाने द्यावे, आणि शोधन उत्तम प्रतीचे झाले असेल तर प्रत्येक पायरी तीन तीन अन्नकाळ टिकवावी, असे वाग्भट सांगतो. जठराग्नी त्या वेळी नुकत्या पेटवलेल्या ठिणगीसारखा असतो, त्यावर एकदम ओंडका टाकला तर तो विझतो, गवत व शेणी घालीत गेले तर मोठा होतो, हा त्याचा दृष्टांत आमच्या जुन्या वैद्यांच्या तोंडी अजून आहे. स्मृतिकारांनी प्रायश्चित्तासाठी जे चांद्रायण सांगितले त्यातही हेच तत्त्व दिसते. पौर्णिमेस पंधरा घास, मग वद्य पक्षात रोज एकेक कमी करीत अमावास्येस निराहार, आणि शुद्ध पक्षात पुन्हा रोज एकेक वाढवीत पौर्णिमेस पंधरा. मध्ये बारीक म्हणून याला पिपीलिकामध्य म्हणतात. येथे उपवास एका तिथीचा आणि चढउतार महिन्याचा आहे, आणि शिक्षा म्हणून सांगितलेल्या व्रतातही देह मोडू नये याची काळजी घेतलेली आहे. जैनांच्या व्रतसंग्रहात कवलचांद्रायण या नावाने घासांच्या मोजणीचे व्रत आहे ते याच जातीचे.

वैष्णवांच्या घरी पारण्याचा प्रश्न पोटाहून अधिक वेळेचा होता. एकादशीचा उपवास द्वादशी सरण्यापूर्वी सुटला पाहिजे, नाही तर व्रतभंग. आणि अतिथी जेवल्यावाचून यजमानाने जेवावयाचे नाही, नाही तर अतिथीचा अपमान. भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष राजा या दोन कलमांच्या कैचीत सापडला तेव्हा स्नानास गेलेले दुर्वास परतण्याची वाट पाहत त्याने पंडितांच्या सल्ल्याने पाण्याचा घोट घेतला, कारण पाणी पिणे हे खाणे आहेही आणि नाहीही. दुर्वासांना हा निवाडा पटला नाही आणि पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. परंतु तो घोट मात्र शास्त्रात टिकला. मंगरूळपीरच्या मशिदीत रमजानच्या संध्याकाळी खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडणारा मनुष्य मगरिबची नमाज अदा करून मगच जेवणाकडे वळतो; दिवसाच्या उपवासाला इतका अवकाश पुरतो, आणि तो प्रार्थनेने भरून काढलेला असतो. कारंज्यास गुरुचरित्राचे सप्ताह चालतात त्यांत वाचक सात दिवस हविष्यान्नावर राहतो आणि समाप्तीस समाराधना होते. तेथे पाहुणे पुरणावर असतात आणि वाचकाने मात्र जरा बेताने घ्यावे असे यजमानीण हळूच सुचविते.

हे झाले स्वेच्छेने धरलेल्या उपवासाविषयी. ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांचे पारणे कोणी नीट केले नाही, ही इतिहासाची दुसरी बाजू आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले; दुसरा, संवत् १९५६ मधला म्हणून छप्पनचा, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात दीर्घकाळ राहिला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना मजुरी आणि अशक्तांना सरकारी अन्नछत्र अशी त्या वेळची व्यवस्था होती, आणि उपाशी माणसास एकदम पोटभर धान्य दिल्यास अन्न मिळाल्यावरही तो दगावतो, हा अनुभव दुष्काळांत पुन्हा पुन्हा आलेला होता. तो नवा नव्हता. जेरुसलेमच्या वेढ्यातून सुटलेले भुकेले लोक अधाशीपणे जेवून मेल्याचे जोसेफस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे. १९४५ साली बेल्सेनची छळछावणी मुक्त झाल्यावर सैनिकांनी दयेपोटी आपला शिधा वाटला आणि तो कित्येकांस सोसला नाही. मग १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले तांदूळ, दूधभुकटी व साखरेचे मिश्रण तेथे आणले गेले, तर ते त्या लोकांना गोडीमुळे घशाखाली उतरेना. त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटा येथे अॅन्सेल कीज यांनी छत्तीस स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांस पुन्हा आहारावर कसे आणावे याचा अभ्यास केला. त्याचे दोन खंड १९५० साली प्रसिद्ध झाले. आज याची कारणमीमांसा स्पष्ट आहे. दीर्घ उपवासात देह चरबीवर चालतो. अन्न, विशेषतः गोड वा पिष्टमय अन्न, एकदम आले की इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते, थायमिनचा साठा संपतो, आणि हृदयाची लय बिघडू शकते. पाच दिवसांहून अधिक काळ ज्याच्या पोटात जवळजवळ काही गेले नाही त्याला डॉक्टर गरजेच्या निम्म्याहून अधिक आहार आरंभी देत नाहीत. मुगाच्या पाण्यास हे सारे ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. परंतु चमचा लहान ठेवणाऱ्या बाईस काही तरी ठाऊक होते खास.

राजकीय उपोषणांनी पारण्यास सार्वजनिक केले. चिमूर-आष्टी येथील अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवस अन्न वर्ज्य केले आणि जानेवारी १९४३ मध्ये ते सोडले, तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडच्या घराघरांत त्यांचे दिवस मोजले जात होते; पुढच्याच महिन्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले आणि ३ मार्चला त्यांनी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेतला. तेव्हापासून रसाचा पेला हे उपोषण सुटल्याचे आपल्याकडचे चिन्ह होऊन बसले. छायाचित्रात पेला दिसतो, त्यानंतरचा आठवडा दिसत नाही. म्हणून हल्लीच्या साखळी उपोषणवाल्यांना सायंकाळी वडापाव खाताना संकोच वाटत नाही. अर्थात एका पाळीच्या उपवासाला पारण्याची गरज नसते, हेही खरे.

ज्या उपवासास पारणेच नाही त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन १८ सप्टेंबरला देह ठेवला. आचार्य विद्यासागर यांचा २०२२ चा चातुर्मास शिरपुरास झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये डोंगरगड येथे सल्लेखनेनेच त्यांचे निर्वाण झाले. दिगंबर मुनी एरवीही दिवसातून एकदाच, उभे राहून, हाताच्या ओंजळीत आहार घेतो आणि घासात केस वा किडा आढळला तर तेथेच थांबून दुसऱ्या दिवसापर्यंत निराहार राहतो. त्याचे सारे आयुष्यच धारणा-पारणेत गेलेले असते, आणि म्हणून शेवटची धारणा त्याला वेगळी वाटत नसावी. गृहस्थाने याचे अनुकरण करू नये, असे शास्त्रानेच पुरेशा अटी घालून सुचविले आहे.

मात्र अलीकडे गृहस्थांत, आणि त्यांच्या मुलांतही, दिवसांची स्पर्धा शिरली आहे. २०१६ साली हैदराबादेत तेरा वर्षांच्या एका मुलीने अडुसष्ट दिवसांचा उपवास पुरा केला, तिची मिरवणूक निघाली, आणि थोड्याच दिवसांत ती मरण पावली. रथ, बँड, फलक, भेटवस्तू यांनी उपवासाचा शेवट गाजवावयाचा आणि पेज गाळीत बसणारी आजी मागल्या दारी ढकलावयाची, ही नवी रीत मला धर्माचीही वाटत नाही आणि शहाणपणाचीही वाटत नाही. तप हे दाखविण्यासाठी नाही असे सांगणाऱ्या परंपरेने आपल्या तपस्व्याचे वय तरी विचारावे.

जुन्या कारंज्याने उपवासाचा शेवट गाजविला नाही असे नाही. परंतु त्याची तऱ्हा निराळी होती. व्रताची वर्षे पुरी झाली की उद्यापन करावयाचे, आणि उद्यापनात मंदिराला उपकरणे, धातूचे दशलक्षण यंत्र वा सोळाकारण यंत्र, आणि एखाद्या ग्रंथाची नक्कल करवून ती साधूस वा भांडारास द्यावयाची. ज्याची ऐपत नसेल त्याने व्रतच दुप्पट वर्षे करावे, असा नियम. गरिबाला दुप्पट उपास घडविणारा म्हणून तो निष्ठुर वाटतो, पण कर्ज काढून उद्यापन करण्यापासून त्याने कित्येकांना वाचविले असेल. सतराव्या शतकात शीलविजय नावाचा श्वेतांबर यात्रेकरू साधू कारंज्यास आला तेव्हा तेथील बघेरवाल धनिक भोज संघवी याच्या औदार्याचे त्याने आपल्या तीर्थमालेत मुक्तकंठाने वर्णन केले. पंथ दुसरा असूनही. अशा दातृत्वातून कारंज्याची ग्रंथभांडारे भरली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची छापली, तीतून येथील अपभ्रंश पोथ्या विद्वानांच्या दृष्टीस आल्या. अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी त्या संपादिल्या. १९३१ साली ‘जसहरचरिउ’ आणि १९३३ साली ‘णायकुमारचरिउ’ प्रसिद्ध झाले. पुष्पदंताचे हे दुसरे काव्य दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात रचले गेले, आणि त्याचा हेतूच मुळी श्रीपंचमीच्या उपवासाचे फळ सांगणे हा आहे. एका काळच्या व्रताच्या कथेने दुसऱ्या काळी आपल्या भाषेच्या पूर्वजांचा इतिहास अभ्यासकांच्या हाती दिला.

या जिल्ह्यातील उपवासांचा इतिहास लिहावयाचा तर साधने दोनच ठिकाणी आहेत. पहिले मंदिरांतील यंत्रे व मूर्ती, ज्यांच्या पाठीवर वा पीठावर संवत्, तिथी, भट्टारकाचे नाव आणि उद्यापन करणाऱ्या कुटुंबाचे गोत्र कोरलेले असते. दुसरे घरातील वृद्ध स्त्रियांचे स्मरण. यंत्रे दर पर्वापूर्वी चिंच आणि राख लावून घासली जातात आणि अक्षरे दरवर्षी थोडी थोडी जातात. कारंजे, शिरपूर, वाशिम, रिसोड येथील मंदिरांच्या विश्वस्तांना आणि घरच्या सुनांना विनंती एवढीच की, पुढच्या भाद्रपदाची घासपूस सुरू होण्यापूर्वी या लेखांचे ठसे वा छायाचित्रे घेऊन ठेवावीत, आणि आजीला विचारून पारण्याच्या पहिल्या तीन दिवसांचा तिचा क्रम, पदार्थ व प्रमाण यांसह, एका वहीत उतरवून घ्यावा.